ट्रंकेच्या झाकणातली देवी

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन बरं नाही. आणि अक्षर तर असं, की शाळेत मास्तरांनी एकदा माझी पाटी उलटी धरून बघितली होती, तशी तरी वाचता येते का म्हणून. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला चौथीपर्यंत कळलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच संपली. तेवढं सांभाळून घ्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आमच्या ह्यांना तर नाहीच. ह्यांच्या हाती हे कागद लागले तरी भीती नाही. फौजेत त्यांना इंग्रजी अक्षरांत हिंदुस्तानी लिहायला शिकवलं. त्यांना तेवढीच अक्षरं येतात, आपली बाळबोध येत नाहीत. म्हणजे बघा — नवरा शिकलेला, बायको शिकलेली, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही. मला ते फार सोयीचं पडलं आहे.

मी मामाकडं वऱ्हाडात राहून शिकले. लग्न होऊन इकडं सेलूजवळ आले तेव्हा इकडं निजामाचं राज्य होतं. शाळा होती ती उर्दू, आणि तीही मुलांची. आमच्या सगळ्या गल्लीत अक्षर ओळखणारी बाई मी एकटी. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं. मी अडाणी असते तर चोर झाले नसते.

लिहिला बघा तो शब्द. वाटलं होतं शेवटी लिहीन.

तर — आमचे हे मोठ्या लढाईच्या वेळी घरातून पळून नगरला गेले आणि फौजेत भरती झाले. खेचरांच्या तुकडीत. बोटीतून गेले ते थेट इटलीला. लढाई संपल्यावर परत आले, एक लोखंडी ट्रंक घेऊन. पुढं रझाकारांची धामधूम झाली, पोलीस ॲक्शन झाली, आणि गाव जरा शांत झाल्यावर ह्यांना सेलूच्या एका जिनिंगमध्ये वॉचमनची नोकरी लागली. सकाळी जायचे, दिवे लागायला यायचे.

ट्रंकेच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. तिथल्या त्रानी नावाच्या गावातलं देऊळ. अगदी समुद्राच्या काठावर, पांढरंशुभ्र, उंच. शेजारी त्याहून उंच मनोरा, आणि मनोऱ्याच्या पोटातून आरपार कमान. पाण्यात दोन होड्या. चित्राखाली इंग्रजी अक्षरांत एक ओळ.

हे रात्रीचं जेवण झालं की ओट्यावर पुरुषांना त्या गावच्या गोष्टी सांगायचे. मी आत दाराआड डाळ निवडत ऐकायची. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही बाजूंनी लादलेलं खेचर मधेच अडकायचं, पुढं जाईना की मागं येईना. बायका उंबऱ्यात बसून माशांची जाळी शिवायच्या. देवळाच्या भिंतीवर लाटांचं पाणी उडायचं. आत गेलं की भर उन्हाळ्यात गार. खांबच खांब. देवळाच्या खाली, तळघरात, आणखी एक देऊळ. बायका डोक्यावर पदर घेतात तसं फडकं घेऊन आत जातात. आणि पुरुष — हे ऐकून सगळा ओटा हसायचा — पुरुष बूट घालून जातात! देवळात!

आता तुम्ही विचाराल, चित्राखाली काय लिहिलंय ते नवऱ्याला विचारायला काय झालं होतं? काय सांगू? घरात आत्याबाई, म्हणजे सासू. त्यांच्यासमोर नवऱ्याशी बोलायचं नाही. आत्याबाई नसल्या की मलाच बोलायला सुचायचं नाही. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मी ह्यांना "पाणी तापलंय" हे सुद्धा भिंतीकडं बघून सांगायची.

शेजारी राहीमावशी राहायच्या. विधवा, एकट्या, एका म्हशीवर पोट. एका दुपारी मी ह्यांच्या कपड्यांना ऊन द्यायला ट्रंक उघडली आणि मावशी दोन-तीन बायका घेऊन ताक द्यायला आल्या. सगळ्या चित्रापुढं बसल्या. बघून झालं, आणि मावशींनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"काय लिवलंय गं हितं? वाच की. तू तर शिकलेली."

मी त्या ओळीकडं बघितलं. मुंग्या चालल्यासारखी अक्षरं. "हे इंग्रजी आहे, मला येत नाही" — एवढं म्हणायचं होतं. किती सोपं होतं! पण त्या सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. कधी कुणी माझ्या तोंडाकडं बघत नाही हो. मी बोट ओळीवरून सावकाश फिरवलं, शाळेत फिरवायचो तसं, आणि वाचलं —

"समुद्राकाठची आई. नवसाला पावते."

हे माझ्या डोक्यात कुठून आलं, मला आजही माहीत नाही.

बायकांनी पदर सावरला आणि ट्रंकेला हात जोडले. झाकणात देवी, खाली ह्यांची खाकी पँट.

राहीमावशींची म्हैस दोन वर्षं गाभण राहत नव्हती. सेलूच्या जनावरांच्या डॉक्टरनं हात टेकले होते. मावशींनी तिथंच, माझ्यासमोर, देवीला सांगितलं — म्हैस गाभण राहिली तर पाच रुपये पायावर घालीन. आणि पैसा पोचेपर्यंत त्या म्हशीचं दूध, दही, तूप, ताक, काही तोंडात घालणार नाही.

मला वाटलं, राहतेय कसली गाभण!

राहिली. देवीला काय सवड होती देव जाणे, पण महिन्याच्या आत राहिली.

मग काय विचारता? दुपार झाली, आत्याबाईंचा डोळा लागला, की आमच्या मागच्या दारानं बायका. कुणाची सून माहेरून येत नव्हती, कुणाच्या लेकराच्या कानात पू, एकीचा नवरा तमाशाच्या मागं. ट्रंक उघडायची, हळद-कुंकू लावायचं, आणि पदराच्या गाठीचा आणा-दोन आणे माझ्या हातावर ठेवायचे. कुणी लांबच्या देवाला जाणार असलं की त्याच्यापाशी आपले पैसे द्यायचे, तो आपल्या नावानं देवापुढं ठेवतो — ही रीत सगळीकडं आहे. "तुमचे मालक फिरून जातील तवा तिच्या पायावर घाला." मी मान हलवायची. मालक कुठले फिरून जातात! त्यांना परभणीला जायचं म्हटलं तरी दोन दिवस आधी पोट बिघडतं.

संध्याकाळी ओल्या फडक्यानं मी देवळाची हळद पुसायची. पण हळद ती हळद. एका रविवारी ह्यांनी ट्रंक उघडली आणि बराच वेळ झाकणाकडं बघत बसले.

"देऊळ पांढरं होतं," ते म्हणाले. "पिवळं कसं व्हायलंय हे?"

मी भिंतीकडं बघून म्हणाले, "दमट हवा."

मे महिन्यात. परभणी जिल्ह्यात.

पैसे मी एका डब्यात ठेवायची. म्हैस व्याली, रेडी झाली, आणि मावशींनी पहिल्या तुपाचे पाच रुपये आणून दिले. हाली रुपये, निजामाच्या वेळचे. तेव्हा ते अजून चालायचे. सगळे मिळून डब्यात अकरा रुपये झाले. मी त्यांना हात लावणार नव्हते. खरंच नव्हते — पण हे सगळेच म्हणतात ना?

मी सेलूच्या बाजाराला गेले, राहीमावशींच्याच सोबतीनं. डबा रिकामा करून पैसे कमरेला खोचून का नेले, ते विचारू नका. घरात ठेवायची भीती वाटते, असं मी मला सांगितलं. चांभाराच्या दुकानात एक चप्पल टांगलेली होती. लाल. अंगठ्यावर पितळेचं फूल. आमच्या गावात सुना मोठ्यांपुढं चप्पल घालत नाहीत. शेतातून काट्याकुट्यातून अनवाणी यायचं. मी जन्मात चप्पल घातली नव्हती. मला एवढंच वाटलं, पाय घालून बघू. पाय घातला. आणि मनात आलं — त्या देवळात लोक बूट घालून जातात. म्हणजे त्या देवीला पायताणाचं वावडं नाही. दुसऱ्या कुठल्या देवीचे पैसे असते तर मी असलं केलं नसतं!

असा विचार मी केला. शपथेवर सांगते, असाच केला.

चप्पल घेतली. उरलेल्या पैशांचं वासाचं तेल, साबण, बांगड्या. एकदा बांध फुटला की पाणी थोडंच राहतं? मावशी तोवर एका झाडाखाली आमची गाठोडी राखत बसल्या होत्या. मी चप्पल जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या गाठोड्यात कोंबली. परत निघालो तर मावशी म्हणाल्या, "तुजी मान दुखायलीय न्हवं? आन हिकडं." आणि माझं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं. आपल्याच नवसाच्या पैशांची चप्पल डोक्यावर घेऊन ती बाई आमच्या स्टेशनपासून घरापर्यंत चालत आली, आणि वाटेत मला देवीच्या गोष्टी विचारत होती.

ती चप्पल मी कुठं घातली? गोठ्यात. दुसरीकडं कुठं घालणार? शेण काढायच्या आधी पाचेक मिनिटं गव्हाणीच्या कडेकडेनं चालायची, राणीसारखी. बैल बघायचे. एका पावसाळ्यात चप्पल गवताखाली कुजली, एका पायाची उंदरांनी खाल्ली. फुलं काळी पडली. उकिरड्यात पुरून टाकली. संपलं.

पण मावशींचं दूध संपलं नव्हतं.

रोज सकाळी त्या आमच्याकडं तांब्याभर दूध द्यायच्या, आणि आमच्याच ओट्यावर बसून काळा चहा प्यायच्या. बिनदुधाचा, गुळाचा. संक्रांतीला पोळीवर तूप नाही. उन्हाळ्यात ताक नाही. स्वतःची म्हैस दारात, आणि बाई कोरडी भाकर तिखटाशी खायची. "पैसा पोचू दे," म्हणायच्या, "मग बघ मी कशी पिते ते." मी तिचंच दूध घातलेला चहा तिच्यासमोर प्यायची. तो माझ्या घशाखाली उतरायचा का? उतरायचा. खोटं कशाला बोलू? चांगला उतरायचा.

दोन वर्षं अशी गेली आणि बायकांनी ठरवलं, पैसे पाठवायचे कशाला, आपणच दर्शनाला जाऊ. कापसाची वेचणी झाली की. माझ्या अंगणात बैठक बसली. सेलूहून मनमाड, तिथं गाडी बदलायची, मग मुंबई, मग होडी. दशम्या किती लागतील यावर वाद झाला. एकीनं विचारलं, तिकडं ज्वारीचं पीठ मिळतं का. मी म्हणाले, गहू खातात. "मग शेर-दोन शेर ज्वारी बांधून घिऊ," मावशी म्हणाल्या, "दळायला कुनी जातं देईलच की. तिथंबी बायकाच हायत."

मी उठून चहाचं आधण ठेवलं. 

रविवारी हे ओट्यावर दाढी करत होते. मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. मी दाराआड, हात पिठात.

"काय रं फौजी, आमाला कवा नेतूस?"

"कुठं मावशी?"

"तुज्या त्या इटलीच्या आईला. नवस फेडायचाय."

वस्तरा थांबला. "कोन सांगितलं तुमाला?"

"तुजी बायकू. वाचून दावलं की तिनं. समुद्राकाठची आई, नवसाला पावती. तू तर आत जाऊन दर्शन घिऊन आलास. हाय ना मांडीवर लेकरू?"

मांडीवरचं लेकरू मी कधी घातलं, मला आठवेना. बोलण्याच्या भरात घातलं असणार. ह्यांनी अर्ध्या दाढीनं दाराकडं बघितलं. मी फटीतून त्यांच्याकडं. संपलं, म्हटलं. आता माहेरी पाठवतील, आणि मावशी गावभर सांगतील.

"हाय," हे म्हणाले. "लेकरू हाय."

माझ्या हातातलं पीठ खाली पडलं.

"मग कवा जायाचं?"

"मावशी, आता जाऊन उपेग न्हाई. देवळाला कुलूप हाय."

"किल्ली कुनाकडं?"

"पुजाऱ्याकडं."

"मग पुजारी कुठं हाय?"

"त्यो लढाईत पळाला."

"आन आजून आला न्हाई? लय भित्रा की गं बाई! बरं, आमचे पैसे तेवढे नीट ठिव. तुज्या बायकूपाशी हायत, सगळ्यांचे."

"पैसे?" हे म्हणाले. मग माझ्या दाराकडं न बघताच म्हणाले, "हायत. पैसे घरात हायत."

 दुसऱ्या सकाळी आत्याबाई ओढ्यावर गेल्या, आणि ह्यांनी चुलीपुढं बसून, विस्तवाकडं बघत सांगितलं, "मी आत गेलोच न्हवतो. खेचरं सांभाळत भाईर हुबा होतो. खांब, तळघर — दुसऱ्या एकानं सांगितलेलं." सगळ्या गावाला ते सात वर्षं आतलं देऊळ दाखवत होते! मग मी — लग्नानंतर पहिल्यांदाच असेल — त्यांच्या तोंडाकडं बघून विचारलं, चित्राखाली काय लिहिलंय. त्यांनी ट्रंक उघडली आणि अक्षर अक्षर लावलं. "त्रा-नी. का-ते-द्रा-ले. म्हंजे काय, कुनाला ठाव! अक्षरं लागत्यात, अर्थ लागत न्हाई." आम्ही दोघं इतकं हसलो, की गोठ्यातली जनावरं बिचकली.

तेव्हा सांगायला हवं होतं. ते हसत होते, त्यांनी त्यांचं सांगून टाकलं होतं. त्यांनी सहज विचारलं, "पैसे हायत न्हवं नीट?"

मी म्हणाले, "हायत."

आणखी दोन वर्षं काळा चहा. मावशी वाळत चालल्या. डोळ्यांना कमी दिसायला लागलं. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, दूध-तूप घ्या. मावशी म्हणाल्या, घेता येत न्हाई. मग मी — शहाणी बाई काय करील? कबूल करील. मी काय केलं? मावशींच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मावशी, ह्यांनी पैसे मनिऑर्डरनं पाठवले. पोचले."

"पोचले? सही आली का?"

"आली."

"देवीची?"

"पुजाऱ्याची."

"म्हंजे आला व्हय मुडदा परत!" मावशी टाळी वाजवून हसल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी म्हैस पिळली आणि तांब्या घेऊन माझ्याच दारात येऊन बसल्या. धारोष्ण दूध, वर फेस. तांब्या कपाळाला लावला आणि डोळे मिटून प्यायला लागल्या. थांबेचनात. वरच्या ओठावर पांढरी मिशी. मधेच थांबून म्हणाल्या, "विसरलेच हुते गं चव." मग परत प्यायल्या. चार वर्षांनी एवढं दूध, दुसरे दोन दिवस त्या डबा घेऊन शेताकडंच पळत होत्या, आणि तिथूनही मला ओरडून सांगायच्या, "देवीचा परसाद हाय, जिरंल!"

हीच माझी खरी चूक. चप्पल नाही, ट्रंक नाही, वाचणं नाही. पैसे देवीकडं गेलेच नव्हते आणि मी म्हणाले, पोचले. तिचा नवस तिच्या नकळत मी मोडायला लावला. तिच्या मनात तो फिटला होता, आणि खरा तो तिच्या डोक्यावर तसाच होता. तो तिथं मी ठेवला होता. आणि मी दारात उभी राहून तिची मिशी बघून हसत होते.

मी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायला लागले. घरात सांगायची, अंग हलकं होतं म्हणून. मजुरीतले आणे बाजूला टाकायची. कधी घरात गरज लागायची आणि त्यातले परत काढायची. असं लांबत गेलं. मधे हाली सिक्का बंद झाला, नवे पैसे आले. हालीचे अकरा म्हणजे कलदारचे, हिंदुस्थान सरकारच्या रुपयाचे, थोडे कमी होतात. तो बट्टा कापावा का, यावर मी कितीतरी दिवस घालवले. बघा माझं मन! अखेर कापला नाही.

राहीमावशी गेल्या वैशाखात गेल्या. झोपेतच. पैसे तेव्हा पुरे झाले नव्हते.

दिवाळीच्या सुमाराला झाले. आपल्याकडं देवीचं मूळ ठाणं लांब असलं, तर जवळच्या ठाण्यावर नवस फेडता येतो. ह्यांनीच एकदा सांगितलं होतं, की जालन्याला तसलंच एक देऊळ आहे, किरिस्तावांचं. डोळे दाखवायचे म्हणून मी ह्यांच्याबरोबर जालन्याला गेले. डोळे दाखवले. हे दवाखान्याच्या झाडाखाली आडवे झाले, आणि मी बांगड्या बघून येते म्हणाले.

देऊळ लहान होतं. समुद्र नव्हता. एक बाई फरशी पुसत होती, आपल्यासारखंच लुगडं नेसलेली. मी पदर डोक्यावर ओढून उभीच राहिले. तिनं विचारलं, "काय पाहिजे बाई?"

"एका बाईचा नवस आहे. फेडायचाय."

तिनं भिंतीजवळची लाकडी पेटी दाखवली. "तिचं नाव सांगा. प्रार्थनेत घेतील."

"राहीबाई."

"आणि तुमचं?"

"माझं नको."

पेटीचं भोक बारीक होतं. मी सगळी मोड आणली होती, एका वेळी एकच नाणं जायचं. एक आडवं अडकलं, ते त्या बाईनं केसातला आकडा काढून आत ढकललं. तिचं फडकं वाळायला लागलं तरी ती थांबून राहिली. मी मोजत टाकत होते. मावशींचे पाच, बाकीच्या बायकांचे सहा, अकराच्या अकरा रुपये टाकले.